एकाहत्तर जोड आणि दोन पाय

मागच्या दोन भागांत आपण मृत्युपत्र आणि नामांकन यांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आज बोलायचं आहे घरात साठलेल्या चपला-बुटांबद्दल. ते कमी का करायचे, कसे करायचे आणि कमी केलेल्यांचं काय करायचं. हसलात तरी चालेल, पण ऐकता ऐकता उठून एकदा आपल्या दारामागचं कपाट उघडून बघा.

मी पायदळातला माणूस. मूळ गाव कागल तालुक्यात, नोकरी देशभर आणि निवृत्तीनंतर मुक्काम म्हैसूरला. या शहराला पेन्शनरांचा स्वर्ग म्हणतात ते उगाच नाही. हवा बरी, झाडं भरपूर, रस्ते रुंद आणि चालायला मोकळे. आता वरच्या मजल्यासकटचं घर सोडून आम्ही दोघं दोन खोल्यांच्या सदनिकेत जाणार आहोत. पुस्तकं, भांडी, ट्रंका यांचा निकाल सौभाग्यवतींनी लावला. चपला-बुटांपाशी आल्यावर त्यांनी हात वर केले. म्हणाल्या, "तुमची पलटण तुम्हीच सांभाळा."

ही पलटण जमली कशी, ते सांगतो. फौजेत प्रत्येक पोशाखाला वेगळं पादत्राण असतं. परेडला ड्रिलचे बूट, त्यांच्या तळाला खिळे आणि टाचेला लोखंडी नाल. रोजच्या कामाला डीएमएस, म्हणजे ज्याचा रबरी तळ कातड्यावर थेट साच्यात ओतून बसवलेला असतो असा बूट. पीटीला कॅनव्हासचे, मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला घोट्यापर्यंतचे चकचकीत. हे झालं कामाचं. त्यावर बदलीच्या प्रत्येक गावाहून एक जोड आणायचा छंद लागला. कोलकात्याला बेंटिंक स्ट्रीटवर चिनी कारागिरांची दुकानं होती, तिथे पायाचं माप देऊन बूट शिवून घेतला. पतियाळाची जुत्ती घेतली. तिच्यात डावं-उजवं नसतं, घालून घालून पायच ते ठरवतो. जोधपूरची मोजडी, आग्र्याचे बूट, लेहचा पाबू म्हणजे लोकरी नमद्याचा उंच जोडा. शिवाय निवृत्तीनंतर चालण्याचं वेड लागलं आणि दर वर्षी एक-दोन स्पोर्ट्स शूज वाढत गेले.

शेवटी एका रविवारी अंगणात दोन सतरंज्या टाकल्या आणि किट इन्स्पेक्शनसारखं सगळं मांडलं. नव्या जवानाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती पद्धत हीच. सामान पेटीत असताना मोजायचं नाही, बाहेर काढून ओळीत लावायचं, मग मोजायचं. पेटीत माणूस स्वतःशीच खोटं बोलतो. गणवेशाचे १४, स्पोर्ट्स शूज १९, नागरी पोशाखाचे बूट १२, चपला आणि सँडल १५, बदल्यांच्या आठवणी ११. एकूण ७१ जोड. मला वाटत होतं, तीस-पस्तीस असतील.

आकडा ऐकून चकित होऊ नका, मोठी उदाहरणं जवळच आहेत. जयललिता यांचा जन्म इथून तासाभराच्या अंतरावर, मेलकोट्याला, १९४८ साली झाला. तेव्हा ते म्हैसूर संस्थानात होतं. त्यांच्या कुटुंबाची म्हैसूरमध्ये जयविलास आणि ललितविलास अशी दोन घरं होती आणि त्यांवरूनच त्यांचं नाव पडलं असं सांगतात. १९९६ साली चेन्नईच्या त्यांच्या घरावर छापा पडला, तेव्हा साड्या-दागिन्यांबरोबर साडेसातशे जोड पादत्राणं जप्त झाल्याच्या बातम्या आल्या. पुढे खटला कर्नाटकात वर्ग झाला आणि मुद्देमाल बंगळूरला आला. २०२२ मध्ये एका नागरिकाने मागणी केली की, या साड्या आणि चपला पडून पडून खराब होत आहेत, त्यांचा लिलाव करा. पंचवीस वर्षं पेटीत बंद पडलेली चप्पल! खटल्याच्या बऱ्या-वाईटात मी शिरत नाही. मला पडलेला प्रश्न चपलेपुरताच आहे.

दुसरं उदाहरण फिलिपाइन्सच्या इमेल्डा मार्कोस यांचं. १९८६ मध्ये मार्कोस कुटुंब राजवाडा सोडून पळालं आणि मागे राहिले हजारावर जोड. त्यांतले बरेच नंतर मारिकिना या शहरातल्या पादत्राणांच्या संग्रहालयात गेले. ते २००१ मध्ये सुरू झालं. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला हिस्सा २०१२ मध्ये उघडून पाहिला, तर वाळवी, ओल आणि बुरशीने कित्येक जोड खाल्लेले होते. म्हणजे सरकारी कोठारातसुद्धा बूट टिकत नाही, तर आपल्या जिन्याखाली काय टिकणार?

इथे थोडं शास्त्र सांगतो, कारण हे बहुतेकांना माहीत नसतं. आपली समजूत अशी की, वापरला तर बूट झिजतो आणि ठेवला तर टिकतो. कातड्याच्या बाबतीत हे निम्मं खरं, पण हल्लीच्या मऊ तळांच्या बाबतीत साफ उलटं आहे. अनेक बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ पदार्थाचा असतो. हलका, लवचीक, पायाला सुखाचा. पण हवेतली वाफ त्याच्या आत शिरून त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. उष्ण आणि दमट हवेत हे आणखी वेगाने होतं. पाच-सात वर्षांत बाहेरून नवाकोरा दिसणारा तळ आतून भुसभुशीत होतो. बंद खोक्यात तर ओल अडकून राहते. माझा असाच एक जोड पुण्याच्या एका लग्नात, वरातीच्या मध्यावर सुटला. दोन्ही तळ तुकड्या-तुकड्यांनी रस्त्यावर पडले. बूट मोजून चार वेळा घातलेला. मी मोज्यांवर मांडवात पोचलो आणि वधूच्या मामांनी आपल्या चपला दिल्या.

तेव्हा पहिली परीक्षा ही. तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. खूण पडून परत भरून आली तर ठीक. चिकट लागलं, भुगा निघाला किंवा भेग दिसली, तर तो बूट संपला. गोंद लावून उपयोग नाही, कारण चिकटवायला खाली काही उरलेलंच नसतं. असा बूट कुणाला देऊही नका. चालताना तळ सुटला की माणूस पडतो, आणि आपण तो देतो बहुधा चालत कामावर जाणाऱ्यालाच. माझ्या ७१ पैकी २३ जोड या एका परीक्षेत गेले. त्यांत स्पोर्ट्स शूज सर्वांत जास्त होते. डीएमएस मात्र एकही नाही. त्यांचा घट्ट रबरी तळ वीस-वीस वर्षांनी जरा टणक झाला होता, एवढंच.

दुसरी परीक्षा पायाची. आपल्याला वाटतं, विशीनंतर पाय वाढत नाही. हाडं वाढत नाहीत हे खरं, पण पावलाची कमान धरून ठेवणारे बंध वयाबरोबर सैल पडतात आणि पाऊल लांबी-रुंदीला पसरतं. तिशीत आठ नंबर असणाऱ्याला साठीत साडेआठ किंवा नऊ लागू शकतो. संध्याकाळी कोऱ्या कागदावर उभे राहा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. कुणाकडून तरी दोन्ही पावलांची रेघ आखून घ्या. दोन्ही पावलं सारखी नसतात, मोठं असेल ते खरं माप. आता त्या आकृतीवर आपला एकेक जोड ठेवा. बुटाच्या बाहेर रेघ दिसली, तर तो बूट तुमचा नाही, मग तो कितीही किमती असो. कोलकात्याचा शिवून घेतलेला बूट माझ्या रेघेच्या आत बोटभर राहिला. तो शिवणाऱ्याने माप अचूक घेतलं होतं, पण ते १९८९ मधल्या माझ्या पायाचं.

आता ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याकडे येतो. मला बारा वर्षं मधुमेह आहे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तळव्याला नायलॉनचा बारीक ताठ दोरा टेकवला आणि विचारलं, "कळतंय का?" दहापैकी तीन ठिकाणी मला कळलं नाही. मधुमेहात पायाच्या नसा मंदावतात, त्याची ही साधी तपासणी. याचा अर्थ, बूट चावला तरी पाय बोंब मारत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो आणि माणसाला पत्ता लागतो तो मोजाला डाग दिसल्यावर. माझ्या बरोबरीच्या एका अधिकाऱ्याचं पायाचं बोट अशाच घट्ट बुटाने गेलं. युद्धात न गेलेलं बोट लग्नाच्या बुटात गेलं, असं तो स्वतःच सांगतो आणि हसतो. मला अजून हसता येत नाही.

फौजेत लांब पल्ल्याचं चालणं झालं की अधिकारी जवानांची पावलं तपासतो. रांगेत बसवून, मोजे काढायला लावून, बोटांच्या बेचक्यांसकट. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलाने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय सडले, तेव्हापासून पाय तपासणं हे अधिकाऱ्याचं कर्तव्यच मानलं जातं. मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी रोज स्वतःची स्वतः करावी. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवा. बूट घालण्याआधी आत हात घाला आणि उलटा करून आपटा. आम्ही राजस्थानात हे विंचवासाठी करायचो. शहरात खडा निघतो, सुटलेला खिळा निघतो, नातवाचं गाडीचं चाकसुद्धा निघतं.

आणि एक गोष्ट म्हैसूरकर म्हणून सांगतो. चामुंडीच्या हजार पायऱ्या अनवाणी चढण्याची इथे मोठी श्रद्धा आहे, आषाढातल्या शुक्रवारी तर मुंगी शिरायला जागा नसते. राजवाड्यातही चपला बाहेरच काढाव्या लागतात. ज्यांच्या तळव्याची जाणीव कमी झाली आहे, त्यांना भर दुपारी तापलेल्या दगडावर चटका कळत नाही, फोड मात्र येतात. देवदर्शनात तळवे भाजलेले मधुमेही आपल्या देशातल्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. पहाटे जा. देवी पहाटेही तिथेच असते.

डॉक्टरांनी मला दोन नियम घालून दिले. पुढे बोटांना जागा, मागे टाचेला पट्टा. अंगठ्याची चप्पल बंद. घरात वावरायलासुद्धा मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पल. हे रबर दबतं, पण पुन्हा फुगतं आणि पायाचा भार सगळीकडे सारखा वाटतं. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांसाठी या रबराच्या चपलांवर काम केलं. त्याचा फायदा आज मधुमेहींना होतो.

अंगठ्याची चप्पल बंद, म्हणजे कोल्हापुरी बंद. कागलच्या माणसाला हे सांगणं सोपं नाही. सेनापती कापशी हे गाव आमच्याच तालुक्यातलं, कापशी चप्पल तिथली. लहानपणी वडिलांच्या पायताणाचा करकर आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की आम्ही भावंडं पुस्तकं उघडून बसायचो. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, शिवण कातड्याच्याच वादीची. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. तिचं भौगोलिक मानांकन २०१९ च्या सुमारास झालं, तेही दोन राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. माणसं सीमेवरून भांडतात, चपलेने मात्र सीमा कधी मानली नाही. अथणीचा कारागीर आणि कापशीचा कारागीर एकच हत्यार चालवतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका मोठ्या फॅशन कंपनीने तशीच चप्पल नाव न सांगता मिरवली, तेव्हा दोन्ही राज्यांतले कारागीर एकाच आवाजात बोलले आणि कंपनीला ती प्रेरणा कुठली हे मान्य करावं लागलं.

माझ्याकडे सहा कोल्हापुरी होत्या. पाच दिल्या. एक ठेवली आहे, घालायला नाही. वर्षातून दोनदा तिला एरंडेल लावतो.

पुढचा प्रश्न द्यायच्या कशा आणि केव्हा. दोन वर्षांपूर्वी सांगलीला माझे थोरले बंधू गेले. दिवस झाल्यावर वहिनींनी कपडे वाटले, घड्याळ पुतण्याने घेतलं, चष्मासुद्धा एका संस्थेला गेला. दादांच्या चाळीसेक जोडांना मात्र कुणी हात लावेना. गेलेल्या माणसाचे कपडे आपण अंगाला लावतो, पण त्याच्या वहाणेत पाय घालायला कचरतो. तेराव्याला छत्री आणि चपला दान देतो आपण, पण त्या नव्या, बाजारातून आणलेल्या. दादांच्या चपला वर्षभर जिन्यात होत्या. वहिनी रोज त्यांच्यावरून झाडू फिरवायच्या. शेवटी मी गेलो आणि गोण्यांत भरल्या. त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. हे काम आपल्या पश्चात आपल्या माणसावर येऊ नये असं वाटत असेल, तर आपण जिवंत असताना, हसत-खेळत, समोरच्याला माप विचारून द्यावं. आपण हयात असताना दिलेला बूट तो माणूस बिनदिक्कत घालतो.

माप विचारून, हे महत्त्वाचं. वॉचमनला, दूधवाल्याला "घेऊन जा" म्हणून पिशवी टेकवणं म्हणजे आपला कचरा त्याच्या घरी पोचवणं. मी आकडे कागदावर लिहिले. ८ नंबरचे किती, ९ चे किती. मग ज्याला हवा त्याला घालून बघायला लावला, चालवला, मग दिला. नव्या लेस घातल्या, आतले सुकतळे बदलले, पॉलिश केलं. फौजेतल्या हाताला एवढं तरी यायलाच हवं. २७ जोड असे गेले. कॉलेजात एनसीसीला असलेल्या एका पोराला ड्रिलचे बूट बरोबर बसले आणि त्याने तिथल्या तिथे टाच आपटून दाखवली.

जे स्पोर्ट्स शूज घालण्यालायक नव्हते, पण ज्यांचा तळ शाबूत होता, असे आठ जोड नवी मुंबईच्या ग्रीनसोल या संस्थेकडे पाठवायला काढले. दोन धावपटूंनी ती सुरू केली. धावणाऱ्यांचे बूट लवकर बाद होतात, तळ मात्र बरेच दिवस टिकतात. तेच तळ कापून ते चपला बनवतात आणि गरजू मुलांना देतात. चार जोड घरातच गेले. पतियाळाची जुत्ती पुतण्याच्या लग्नात पुन्हा उभी राहील.

उरले ते तेवीस मेलेले जोड. यांतलं कातडं, बकलं, सुस्थितीतल्या लेस आमच्या कोपऱ्यावरच्या मोच्याने काढून घेतल्या. ठिगळाला जुनं, मुरलेलं कातडं त्याला नव्यापेक्षा बरं वाटतं. बाकीचं सुक्या कचऱ्यात वेगळं बांधून दिलं. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात पहिलं आलं होतं, त्यामुळे ओला-सुका वेगळा करायची इथल्या लोकांच्या हाताला सवय आहे. एक विनंती आहे. गावाकडे बूट-चपला शेकोटीत टाकतात, तसं करू नका. आजचं बहुतेक कातडं क्रोमियमने कमावलेलं असतं. ते जाळलं की त्यातलं क्रोमियम घातक रूप घेऊ शकतं. प्लॅस्टिकच्या चपलेचा धूर तर आणखी वाईट.

कुणी विचारतील, शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर सोडून आलं तर? साडेसाती चपलेबरोबर जाते म्हणतात. श्रद्धेला माझी हरकत नाही. कलबुर्गी जिल्ह्यात आळंद तालुक्यात लक्कम्मा देवीला भक्त चपलाच वाहतात, पायदुखी जावी म्हणून. पण साठ जोड देवळाबाहेर सोडले, तर साडेसाती झाडूवाल्या बाईच्या मागे लागेल.

आता माझ्याकडे नऊ जोड आहेत. चालायचे दोन, काळा ऑक्सफर्ड एक, मागे पट्ट्याचा सँडल एक, पावसाळी एक, घरातली मऊ चप्पल एक. न घालता ठेवलेले तीन: मेसचे बूट, लेहचा पाबू आणि ती कापशी. चालायचे दोन का, तर दोन्ही पावलांत मिळून अडीच लाखांच्या आसपास घामाच्या ग्रंथी असतात. दिवसभर घातलेल्या बुटाला वाळायला पूर्ण एक दिवस लागतो. एकच जोड रोज घातला तर तो ओलाच राहतो आणि लवकर कुजतो. दोन आलटूनपालटून घातले, तर दोघांचं मिळून आयुष्य दुपटीहून अधिक होतं, असा माझा अनुभव. आत वर्तमानपत्राचा बोळा ठेवा आणि तो पावसाळ्यात रोज बदला. खोकी फेकून द्या, बूट उघड्या मांडणीवर ठेवा. पॉलिश पातळ लावा, जाड थर लावला की घडीवर तडकतो.

टाच झिजली तर वेळेत बदला, कारण तिरकी टाच गुडघ्यापर्यंत त्रास देते. काळ्या ऑक्सफर्डची उजवी टाच बाहेरच्या बाजूला उतरली आहे. काल मोच्याला दाखवली. त्याने बोट फिरवलं, बूट परत माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सोमवार बन्नी, सार." सोमवारी या.